वेंगर, एमरी, आर्टेटा: मॅनेजर मोजायचे कशाने आणि बेंच वाचायचा कसा

प्रश्न नाशिकच्या इंदिरानगरहून आला आहे. लंडनच्या आर्सेनल क्लबचे आठ-दहा चाहते शनिवार-रविवारी कॉलेज रोडला एकत्र बसून सामने बघतात आणि शिट्टी वाजली की त्यांचं भांडण सुरू होतं. विचारणाऱ्याचा थोरला चुलतभाऊ २००४ पासूनचा चाहता; त्याच्या मते २०१८ मध्ये मॅनेजर वेंगर गेले तिथेच क्लब संपला. दुसरा म्हणतो, त्यांच्यानंतर आलेल्या एमरींवर अन्याय झाला. धाकट्यांना एमरींनंतर आलेल्या आर्टेटाच्या आधीचं फारसं आठवतच नाही. त्यांचं म्हणणं, लागोपाठ तीन वर्षं दुसरा नंबर आला तेव्हाच माणूस बदलायला हवा होता. विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्यात: जुने मॅनेजर मोजायचे कशाने, आणि संघात खरंच डेप्थ, म्हणजे कोणी बाहेर गेलं तर त्याचं काम करणारे राखीव खेळाडू, आहे का हे ओळखायचं कसं.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं फुटबॉल शिकवतो, शाळकरी मुलांना आणि खुल्या गटालाही. त्या कामातून मला असं दिसतं की हा प्रश्न एकच आहे. चांगली डेप्थ एका उन्हाळ्यात क्वचितच तयार होते. ती दोन-तीन वर्षांच्या खरेदीतून, अकॅडमीतून आणि कोणाला कधी सोडलं यातून साठत जाते. म्हणून मॅनेजरला संघ कसा मिळाला आणि त्याने पुढच्याच्या हातात कसा दिला, यातला फरक बघावा. ट्रॉफ्या मोजाव्यात, जरूर मोजाव्यात, पण हा फरक बघितल्यावर.

आधी डेप्थबद्दल बोलतो, कारण तुमचं अर्धं भांडण तिथेच अडलंय.

नाशिकमध्ये संघ चालवणाऱ्याला ही गोष्ट फार लवकर कळते. जानेवारी उजाडला की दहावी-बारावीची मुलं क्लासात अडकतात. निफाड-दिंडोरीकडची मुलं द्राक्षाच्या दिवसांत बागेत घरच्यांच्या हाताखाली असतात. देवळाली कॅम्पातल्या लष्करी घरांतली मुलं खेळायला फार तयार, पण वडिलांची बदली झाली की ऐन हंगामात राइट बॅक अंबाल्याला निघून जातो. त्यामुळे मोसम सुरू होण्याआधी मी कागदावर मैदान काढतो आणि प्रत्येक जागेवर खेळाडूचं नाव न लिहिता तिथलं काम लिहितो. बचावफळीमागची मोकळी जागा धावून भरणे. पाठीवर माणूस असताना चेंडू घेऊन वळणे. कॉर्नरला जवळच्या खांबापाशी पहिला पोचणे. प्रेस, म्हणजे चेंडू समोरच्यांकडे असताना पुढे धावून त्यांच्यावर दबाव टाकणं, कधी सुरू करायचा हे ठरवणे. मग प्रत्येक कामासमोर, ते ज्याला जमतं त्याचं नाव. कागद भरला की लख्ख दिसतं: बेंचवर नऊ जण बसलेले असले तरी एखाद्या कामासमोर एकच नाव असतं. तिथे आपला संघ पातळ आहे.

हाच कागद आर्सेनलच्या २०२२-२३ च्या हंगामावर ठेवून बघा. मार्चपर्यंत संघ पहिल्या नंबरवर. १६ मार्चला युरोपा लीगमध्ये स्पोर्टिंगविरुद्ध बचावपटू विल्यम सलिबाची पाठ धरली आणि त्याच सामन्यात तोमियासूही जायबंदी झाला. सलिबाच्या जागी रॉब होल्डिंग आला. बॉक्समध्ये उभं राहून हवेतला चेंडू बाहेर काढायचं काम होल्डिंगला चांगलं जमायचं. पण सलिबाचं काम ते नव्हतंच. तो मध्यरेषेजवळ उभा राहायचा, मागे अर्धं मैदान मोकळं ठेवायचा आणि कोणी त्या जागेत पळाला तर त्याला गाठायचा. तो गेल्यावर आख्खी बचावफळी मागे सरकली. बचाव आणि मिडफिल्ड यांच्यात फट पडली. पुढचे तिघे प्रेस करायला निघाले की मागून साथ पोचेना. लिव्हरपूलशी २-० वरून २-२, पुढच्याच सामन्यात वेस्ट हॅमशी २-० वरून २-२, मग तळाला असलेल्या साउदम्प्टनशी घरच्या मैदानावर ३-३ आणि मँचेस्टर सिटीकडून ४-१ ने हार. शेवटी सिटी ८९, आर्सेनल ८४.

पुढच्या हंगामात सलिबा लीगचे सगळे ३८ सामने खेळला. खाल्लेले गोल ४३ वरून २९ वर आले आणि गुण ८९ झाले. मिडफिल्डर डेक्लन राइस आला होता, त्याचा वाटा मोठाच. तरीही मागची रेषा वर्षभर जागची हलली नाही, याचं मोल मी फार मानतो. त्या मार्चमध्ये बेंचवर नावांची कमतरता नव्हती, त्या एका कामाला दुसरा माणूस नव्हता.

याच्याइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे आणि चाहत्यांच्या बोलण्यात ती कधीच येत नाही. एक खेळाडू गेला की किती जागा हलतात? लिव्हरपूलचं २०२०-२१ आठवा. ऑक्टोबरमध्ये व्हॅन डाइक गेला, नोव्हेंबरमध्ये गोमेझ, जानेवारीत मातिप. भोक बुजवायला फाबिन्हो आणि हेंडरसन मागे गेले. म्हणजे बचावातल्या दुखापतींनी मिडफिल्डही रिकामं केलं, आणि ते रिकामं झाल्यावर पुढच्यांना चेंडू मिळेना. आधीच्या वर्षी ९९ गुणांनी लीग जिंकलेला संघ ६९ गुणांवर थांबला. पर्यायी माणूस थोडा कमी दर्जाचा असला तरी चालतो, जर त्याच्यामुळे बाकीचे दहा आपापल्या जागी राहत असतील. माझ्या संघात मी याच कारणासाठी एखादा साधा, शिस्तीचा लेफ्ट बॅक राखून ठेवतो. तो सामना जिंकून देणार नाही, पण त्याच्यापायी मला सर्वोत्तम मिडफिल्डर मागे खेचावा लागत नाही.

२०२२-२३ पासून प्रीमियर लीगमध्ये तीनऐवजी पाच बदली खेळाडू उतरवता येतात. त्यामुळे बेंच आता फक्त दुखापतींसाठी राहिलेला नाही, साठाव्या मिनिटाला सामन्याचा वेग बदलायला तो रोज लागतो. वेंगरच्या काळातला बेंच आणि आजचा बेंच शेजारी ठेवून तुलना करताना हे लक्षात असू द्या. नाहीतर थोरल्यांवर आणि धाकट्यांवर, दोघांवरही अन्याय होतो.

आता वेंगर. तुमच्या दादांना सांगा की २००३-०४ मध्ये २६ विजय, १२ बरोबरी आणि एकही हार नाही, यावर वाद घालायला कोणी बसलेलं नाही. वाद आहे तो २००६ नंतरच्या बारा वर्षांचा, आणि ती बारा वर्षं एकसारखी नाहीत. हायबरीत सुमारे ३८ हजार माणसं मावायची, एमिरेट्समध्ये ६० हजार. नव्या स्टेडियमचं कर्ज फेडायचं म्हणून क्लबने वर्षानुवर्षं हात आखडता ठेवला. त्याच काळात चेल्सी आणि मग सिटी यांच्याकडे मालकांचा पैसा ओतला जात होता. २००७ मध्ये आन्री गेला, २०११ मध्ये फाब्रेगास आणि नासरी गेले, २०१२ मध्ये व्हॅन पर्सी मँचेस्टर युनायटेडला गेला आणि तिथे पहिल्याच वर्षी २६ गोल करून लीग जिंकला. इतकं सगळं होऊनही वेंगरचा संघ दरवर्षी पहिल्या चारांत, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या जागांत, राहिला. माझ्या दृष्टीने २००६ ते २०१३ हे त्यांचं सर्वात कठीण आणि सर्वात कमी कौतुक झालेलं काम आहे. २००७-०८ मध्ये तर ते लीगच्या अगदी जवळ होते. फेब्रुवारीत बर्मिंगहॅमला एदुआर्दोचा पाय मोडला, त्यानंतर संघाची लय गेली, आणि ८३ गुण मिळवूनही तिसरा नंबर आला.

पण २०१३ नंतरचं गणित वेगळं आहे. ओझिल आला, २०१४ मध्ये सांचेझ आला, म्हणजे तिजोरी उघडली होती. आणि २०१५ च्या उन्हाळ्यात क्लबने पेट्र चेक हा गोलकीपर घेतला आणि पहिल्या संघासाठी दुसरा एकही खेळाडू घेतला नाही. नोव्हेंबरमध्ये कोकलँ आणि काझोर्ला एकाच महिन्यात गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेले. ही जोडी म्हणजे संघाचा कणा होती. एक चेंडू जिंकायचा, दुसरा तो दबावातून बाहेर काढायचा. कागदावर त्या दोन्ही कामांसमोर दुसरं नाव नव्हतं. एल्नेनी आला तो जानेवारीत. त्या वर्षी चेल्सी, युनायटेड, सिटी सगळे अडखळले होते, लेस्टर ८१ गुणांनी चॅम्पियन झालं आणि आर्सेनल ७१ गुणांवर दुसरं. वेंगरवर टीका करायची तर मी या एका उन्हाळ्यावरून करेन. बाकीच्या पराभवांना कारणं होती, ही चूक मात्र टाळता येण्यासारखी होती. आणि त्यांच्यावर ही टीका जास्त लागू पडते, कारण खरेदी-विक्रीतला शेवटचा शब्द त्यांचाच होता.

एमरींच्या बाबतीत नेमकं उलटं. वेंगर मॅनेजर होते, एमरी हेड कोच म्हणून आले. खरेदीचे निर्णय इतरांच्या हातात. मे २०१८ मध्ये कोसिएल्नीची टाच फाटलेली होती, ओझिलला नुकताच भलामोठा करार दिलेला होता, सांचेझ गेलेला होता. पहिल्या हंगामात एमरींचा संघ सगळ्या स्पर्धा धरून लागोपाठ २२ सामने हरला नाही. मग डिसेंबरमध्ये होल्डिंगचा गुडघा गेला, जानेवारीत बेयेरीनचा. त्यांच्या मागे नावं होती, पण मोकळ्या जागेत पळणारा बेयेरीनसारखा दुसरा नव्हता. ७० गुणांसह पाचवा नंबर, चौथ्या टॉटनहॅमला ७१. बाकूतली युरोपा फायनल चेल्सीकडून ४-१ ने हरले.

मग त्यांना काढलं ते चूक होतं का? नोव्हेंबर २०१९ मधले ते सामने मी पाहिलेत. संघाला कुठे प्रेस करायचा हेच कळत नव्हतं, दर आठवड्याला रचना बदलत होती, प्रतिस्पर्धी सहज आत शिरत होते. अशा अवस्थेत ड्रेसिंग रूमचा विश्वास परत मिळवणं फार अवघड असतं. क्लबचा निर्णय मला पटतो. पण त्यावरून एमरी सुमार प्रशिक्षक ठरत नाहीत. त्यांनी पुढे व्हियारेआलला २०२१ ची युरोपा लीग जिंकून दिली आणि त्या वाटेवर उपांत्य फेरीत आर्सेनललाच हरवलं. अ‍ॅस्टन व्हिलाला २०२३-२४ मध्ये ६८ गुणांनी चौथं आणलं. त्याच हंगामात त्यांच्या व्हिलाने आर्सेनलला दोन्ही सामन्यांत हरवलं, घरी १-० आणि एमिरेट्सवर २-०. आर्सेनलची लीग गेली ती दोन गुणांनी. आणि त्यांनी मागे काय ठेवलं तेही बघा. बुकायो साका पहिल्या संघात उतरला तो २०१८ मध्ये एमरींच्या हाताखाली. मार्टिनेली आणि सलिबा यांना क्लबने घेतलं ते २०१९ मध्ये, त्यांच्याच काळात. खरेदीचं श्रेय एकट्या कोचचं नसतं, पण साकावर भरवसा टाकणं हा कोचचाच निर्णय होता.

वारसा म्हणजे मी काय म्हणतो ते बाहेरच्या दोन उदाहरणांवरून लवकर कळेल. २०१३ मध्ये फर्ग्युसननी ८९ गुणांनी लीग जिंकून मँचेस्टर युनायटेडचा निरोप घेतला. पण फर्डिनंड चौतिशीचा, एव्ह्रा बत्तिशीचा, विदिच एकतीसचा आणि स्कोल्स निवृत्त. त्यांच्यानंतर आलेल्या मोयेसना त्या उन्हाळ्यात मोठा खेळाडू मिळाला तो एक फेलाइनी. संघ ६४ गुणांवर सातवा. याउलट २०२४ मध्ये क्लॉपनी लिव्हरपूल सोडलं, तेव्हा तिथलं मिडफिल्ड वर्षभरापूर्वीच नवं झालं होतं. त्यांच्या जागी आलेल्या आर्ने स्लॉटनी त्या हंगामासाठी कियेझाखेरीज कोणालाच आणलं नाही आणि ८४ गुणांनी लीग जिंकली. फर्ग्युसनची थोरवी याने कमी होत नाही. पण मोयेसना मोजताना आणि स्लॉटना मोजताना हातात काय मिळालं ते आधी लिहून ठेवायला हवं.

इथवरचं थोडक्यात: डेप्थ कामांनी मोजायची, एका दुखापतीने किती जागा हलतात ते बघायचं, मॅनेजरच्या हातात किती सत्ता होती ते विचारायचं आणि त्याने संघ कसा घेतला, कसा दिला ते शेजारी ठेवायचं.

आता आर्टेटा. डिसेंबर २०१९ मध्ये आले, पहिल्याच वर्षी एफए कप जिंकला, पण लीगमध्ये दोनदा आठवा नंबर. २०२१-२२ च्या हंगामातले पहिले तीन सामने एकही गोल न करता हरले. तेव्हा त्यांना काढा म्हणणारे नाशिकमध्येही पुष्कळ होते. क्लबने धीर धरला. पुढे पाचवा, मग तीनदा दुसरा: ८४, ८९ आणि ७४ गुण. लागोपाठ दुसरा येणारा मॅनेजर अपयशी, हे धाकट्यांचं म्हणणं मला मान्य नाही. ८९ गुण हे २०१३ मध्ये फर्ग्युसनना लीग द्यायला पुरले होते. २०२४ मध्ये सिटीने ९१ केले.

आर्टेटांवर टीका करायची तर जागा वेगळी आहे, आणि ती डेप्थपाशीच येते. जानेवारी २०२२ मध्ये स्ट्रायकर ऑबामेयांग सोडला आणि बदली आणला नाही. एप्रिलमध्ये टियर्नी आणि पार्टी जायबंदी झाले, लागोपाठ तीन सामने हरले आणि चौथी जागा दोन गुणांनी गेली. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच. साका डिसेंबरपासून बाहेर, जेसुसचा गुडघा गेलेला, तरी पुढच्या फळीत कोणी घेतला नाही. फेब्रुवारीत दुबईच्या शिबिरात हावर्ट्झचा हॅमस्ट्रिंग गेला आणि मेरिनोसारख्या मिडफिल्डरला स्ट्रायकर करावं लागलं. मेरिनोने लेस्टरविरुद्ध बदली म्हणून येऊन दोन गोल केले, फार मोठ्या मनाने ते काम केलं. पण मिडफिल्डमधला एक गडी कमी झालाच. त्या लीगमध्ये आर्सेनल फक्त चार सामने हरलं आणि चौदा बरोबरीत सुटले. बंद बचाव फोडायला बेंचवरून उठवायला माणूस नसला की बरोबरी वाढते, हे आमच्या गल्लीतल्या स्पर्धेतही दिसतं.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही सांगायला हवं. युरोपात न खेळणाऱ्या संघाला आठवड्याला एकच सामना असतो, त्याला पंधरा-सोळा चांगले खेळाडू पुरतात. लेस्टरचं तेच झालं. चॅम्पियन्स लीगमध्ये खोल जाणाऱ्या संघाला ते पुरत नाहीत. ज्याची पद्धत फार बारीक आखलेली आहे त्याला पर्याय शोधणं जड जातं, कारण नव्या माणसाला ती पद्धत शिकायला महिने लागतात. आर्टेटा या दुसऱ्या प्रकारात येतात. म्हणून त्यांच्या संघात जानेवारीतली घाईची खरेदी कमी उपयोगी पडते आणि उन्हाळ्यातली जास्त.

तो उन्हाळा २०२५ मध्ये आला. नवे स्पोर्टिंग डायरेक्टर आंद्रेआ बेर्ता आल्यावर आठ खेळाडू आले: झुबिमेंडी, ग्योकेरेस, एझे, माडुएके, मोस्केरा, नॉरगार्ड, इनकापिए आणि केपा. यादी वाचून खूश होऊ नका, कागद काढा. मोकळ्या जागेत बचाव करणे: सलिबासमोर आता मोस्केरा आणि इनकापिए. ३१ ऑगस्टला अॅनफिल्डवर पाचव्या मिनिटाला सलिबा लंगडत बाहेर गेला आणि एकवीस वर्षांचा मोस्केरा आत आला. सामना सोबोस्लाईच्या फ्री किकने १-० असा गेला. पण नव्वद मिनिटांत बचावफळी मागे ढासळली नाही, कोणी मिडफिल्डर मागे ओढावा लागला नाही. २०२३ चा मार्च आठवत असेल त्याला त्या पराभवातही समाधान वाटायला हवं. स्ट्रायकरच्या कामासमोर ग्योकेरेस आणि हावर्ट्झ, दोघांची धाटणी वेगळी. मिडफिल्डच्या तळाशी झुबिमेंडी आणि नॉरगार्ड. साकाच्या बाजूला माडुएके.

दोन कामं अजून मला पुरेशी भरलेली वाटत नाहीत. पहिलं सलिबाच्या शेजारच्या गॅब्रिएलचं. बचावात त्याची जागा इनकापिए घेऊ शकतो, पण सेट-पीस कोच निकोला जोव्हेरने आखलेल्या कॉर्नरवर गर्दीतून उडी मारून जो चेंडू गॅब्रिएल गाठतो, तो गाठणारा दुसरा तितका भरवशाचा नाही, आणि या संघाचे कितीतरी गुण कॉर्नरवर येतात. दुसरं मिडफिल्डर ओडेगार्डचं. चेंडू पायाशी असताना एझे त्याच्याइतकंच, कधी जास्तच देतो. पण प्रेस केव्हा सुरू करायचा याची खूण ओडेगार्ड देतो आणि बाकीचे त्याच्या मागे निघतात. तो नसेल त्या दिवशी पहिल्या वीस मिनिटांत एझे आणि स्ट्रायकर यांच्यातलं अंतर बघा. ते वाढलेलं दिसलं तर प्रतिस्पर्ध्याचा सहा नंबर, म्हणजे बचावापुढचा मिडफिल्डर, मोकळा सुटणार, आणि मग राइसला पुढे धावणं सोडून मागे थांबावं लागणार. तुमच्या दहा जणांनी एखाद्या सामन्यात फक्त राइस कुठे उभा आहे एवढंच बघावं आणि मग आर्टेटाबद्दल बोलायला बसावं.